देवीला सोडलेला तांबडा कोंबडा

आये, तुझ्यावर मी रागावलोय. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की रागावण्यात काही अर्थ नाही, हे मलाही कळतं. पण रागावण्यासारखं दुसरं कुणी उरलं नाही. रानमांजरावर रागावून झालं, शेजाऱ्याच्या झोपाळू कुत्र्यावर झालं, तुझ्या सुनेवर तर रोजच होतं. शेवटी फिरून फिरून राग तुझ्यापाशीच येऊन थांबतो, कारण हा सगळा घोळ तुझ्या एका वाक्याने घातलाय. "देवीला सोडलेला कोंबरा कोंडाचा नाय, बांधाचा नाय." तू बोललीस आणि मोकळी झालीस. इथे कल्याणला आम्ही नवराबायको ते वाक्य उराशी धरून बसलोय.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. मी आता स्टेशनाच्या मालाच्या कोठीत लिहिण्याचं काम करतो. कुठून किती पोती आली, कुठे गेली, हे दिवसभर लिहायचं. कोठीच्या मागच्या आळीत शेवटचं घर आपलं. अंगणात एक शेवगा, शेवग्यामागे करवंदीची जाळी, आणि त्यापुढे खाडीपर्यंत रान. अशा ठिकाणी कोंबड्या पाळणं म्हणजे रानाला जेवायला बोलावणंच. पण तुझा मुलगा आहे मी. खुराडं तू बांधायचीस तसं बांधलं. खाली चिरे, जमीन चोपून घट्ट केलेली, दार इतकं बुटकं की कोंबडीलाही मान खाली घालून आत जावं लागतं, आणि दाराला फळी लावून वर धोंडा. मुंगसाचं नाक शिरेल एवढीही फट ठेवली नाही. तिन्हीसांजेला कोंबड्या आत गेल्या की मी स्वतः फळी लावतो, धोंडा हलवून बघतो. दार लावलेलं असताना त्या खुराड्यातली एक कोंबडी कधी गेली नाही. म्हणजे बघ, ज्यांचं कुणाला काही नाही त्या कोंबड्या आत सुखाने झोपतात, आणि ज्या एका कोंबड्यावर घराचा जीव अडकलाय तो बाहेर शेवग्याच्या फांदीवर.

तुझी नात पावसाळा सरता सरता आजारी पडली. हिवताप. एक दिवस बरी, एक दिवस थंडी वाजून ताप. कोठीतल्या लोकांनी सांगितलं ते कडू पांढरं औषध दिलं, वैद्याचा काढा दिला, ती निम्मं पोटात घ्यायची नि निम्मं ओकायची. पोर इतकी वाळली की तिला उचलताना हाताला काही लागायचंच नाही. तेव्हा तुझ्या सुनेने आपल्या कोलशेतच्या गावदेवीला नवस बोलला, पोर उठून बसली तर चैत्राच्या जत्रेला तांबडा कोंबडा देईन. बाजारातून कोंबडा आणला, पोरीवरून ओवाळला, त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, नि अंगणात सोडला. ताप उतरला. मी म्हटलं, सुटलो. संध्याकाळी मी त्याला बाकीच्यांबरोबर खुराड्याकडे हाकलायला लागलो, तर ही आडवी आली. "कोंडाचा नाय. आत्याबाय बोलल्या व्हत्या मना." तू तिला चुलीपाशी बसवून केव्हा सांगितलं होतंस कोण जाणे. माझ्यापेक्षा तुझं सगळं तिलाच जास्त पाठ आहे.

मी म्हटलं, अगं, इथे रानमांजर फिरतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. तर म्हणाली, "मंग तुमीच सांगलाव ना? कोलशेतला तुमचा कोंबरा रानात झोपाचा नि कोल्हा फिरकत नव्हता. देवी राखाची. तुमीच बोललाव." बोललो होतो. लग्न नवं होतं तेव्हा, छाती फुगवून. आमच्या आईच्या नवसाच्या कोंबड्याला कोल्ह्याने कधी हात लावला नाही, असं मी तिलाच काय, अख्ख्या आळीला सांगितलं असेल.

कारण मी ते पाहिलं होतं. मी लहान आहे, असाच तापाने फणफणलेलो, कोलशेतच्या घरात घोंगडीत गुंडाळून पडलोय. बाहेर तिवरांत रात्रभर कोल्हे ओरडतात. तू मला सांगितलंयस की जोवर नवसाचा कोंबडा आरवतोय तोवर मला काही होत नाही. म्हणून मी पहाटे कान देऊन पडतो. आरवला की पाय सैल सोडतो नि पुन्हा झोपतो. एके दिवशी उजाडत आलं तरी आवाज नाही. हाक मारावी तर तू घरात नाहीस. मग किती वेळाने कोण जाणे, अंगणातून बांग येते, जरा घोगरी, आणि तू दारात उभी. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, काखेला मिठाची रिकामी पाटी. धापा टाकतेयस आणि हसतेयस. "आयकलास ना? आरवला बघ." मी विचारतो, कुठे गेलेलीस? तू म्हणतेस, फाटी आणायला. सरपण मात्र कुठे दिसत नाही. तापात मला त्याचं काही वाटत नाही.

मी उठून अंगणात बसायला लागलो त्या दिवसाचंही आठवतं. कोंबडा समोर दाणे टिपत होता. मी बघत राहिलो आणि म्हटलं, "आये, याचा तुरा एका बाजूला परलेला नव्हता." तुझा हात असा आला की कानात घूं झालं. "देवीचे कोंबऱ्याला नावं ठेवतंस? जीब झरंल!" आजारातून नुकत्या उठलेल्या पोराला तू मारलंस, आणि मग स्वतःच आत जाऊन भाताच्या हंड्यात एक अंडं टाकलंस. आपल्या घरात अंडी विकायची असायची, खायची नसायची. ते अंडं तू सोलून, मीठ लावून माझ्या हातावर ठेवलंस आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिलीस. मला वाटलं, मारल्याचं वाईट वाटलं असेल. पुढे मी कोंबड्याच्या तुऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. देवीच राखते, हे मात्र मनात पक्कं बसलं.

तर आमचा पहिला कोंबडा पौषात गेला. सकाळी शेवग्याखाली पिसं. दुसरा आणला, पुन्हा ओवाळला, पुन्हा सोडला. या खेपेला मी कंबर कसली. शेवग्याच्या बुंध्याला बाभळीच्या काट्या बांधल्या. ही म्हणाली, काट्यांत ठेवला म्हणजे कोंडल्यासारखंच नाही का? अर्धा दिवस त्यावर वाद. मी म्हटलं, काट्या झाडाला आहेत, कोंबड्याला नाहीत. शेवटी राहू दिल्या. काट्यांच्या वर घासलेटच्या डब्याचा पत्रा वाकवून लावला, की त्यावरून नखं घसरावीत. फांदीला रिकामे डबे टांगले. शेजाऱ्याचा कुत्रा रोज भाकरीचं आमिष दाखवून अंगणात आणून ठेवला. तो भाकरी खाऊन आपल्या घरी जाऊन झोपायचा. मग मला एक मोठी अक्कल सुचली. खुराड्याचं दार उघडंच ठेवायचं. दार उघडं म्हणजे कोंडलेला नाही, नि कोंबडा आपखुशीने आत गेला तर देवीची तरी काय हरकत? हिलाही ते पटलं. कोंबडा काही आत गेला नाही, रानमांजर गेलं. चांगली अंड्यावर बसलेली कोंबडी घेऊन गेलं. आणि चार दिवसांनी कोंबडाही, काट्या, पत्रा, डबे सगळं जागच्या जागी ठेवून. घराच्या वळचणीवरून फांदीवर उडी मारली असणार. एवढा बंदोबस्त केला तो खालून, आणि ते आलं वरून. मी त्या पत्र्याला लाथ मारली नि पाय सुजवून घेतला.

कोठीतले आमचे मोठे कारकून, पुण्याकडचे गृहस्थ, मला लंगडताना बघून कारण विचारते झाले. सगळं ऐकून म्हणाले, "अहो, मग कोंडून ठेवा की! इतकं साधं कसं सुचत नाही तुम्हाला?" सुचतं सगळं. मला काय वेड लागलंय? पण घरात ही आहे, हिच्या मागे तू आहेस, आणि खरं सांगायचं तर तुम्हा दोघींच्या मागे मीही आहे. एकदा ती पाणवठ्यावर गेलेली असताना मी कोंबडा धरून खुराड्याच्या दारापर्यंत नेला होता. हात पुढे जाईना. "कोंबरा कोंडलास तं नवस पन कोंडला," हे तुझ्या आवाजात ऐकू आलं. उद्या पोरीला काही झालं तर? सोडून दिला.

आणि दुसरा कोंबडा गेला त्याच आठवड्यात पोरीचा ताप उलटला. हवा पालटली, डबक्यांतले डास वाढले, काहीही असेल. पण हिच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. देवी घेत नाही म्हणाली. तिसरा कोंबडा सोडताना तिने पोरीला मांडीवर घट्ट धरलं होतं. "यो शेवटचा. यो गेला तं देवीला कोंबरा नको, दुसराच कायतरी पायजे." ते दुसरं काय, हे तिने बोलून दाखवलं नाही. त्या दिवसापासून ती रात्रीची जेवेनाशी झाली. माझ्यासमोर ताट वाढायची आणि दारातून शेवग्याकडे बघत बसायची. मी ओरडायचो, ती ऐकून घ्यायची. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आणि पोर तिकडे अंथरुणातून विचारायची, "बाबा, कोंबरा चरला का झाडावं?" चढला म्हटलं की डोळे मिटायची. तुझ्यासारखंच हिनेही तिला सांगून ठेवलं होतं, कोंबडा आहे तोवर तुला काही होत नाही.

अशात माजिवड्याची मावशी नातीला बघायला आली. पदरात सुकट बांधून, गाडीने, एकटी. तुझी धाकटी बहीण आता पुरती म्हातारी झालीय, पण तोंड तेच. तुझी सून पोरीचं अंग पुसत होती, मी मावशीला ओट्यावर बसवून सगळं गाऱ्हाणं सांगितलं. शेवटी विचारलं, "मावशे, आमच्या आईचा कोंबडा कसा वाचला गं? ती काय करायची? त्याच्याभोवती राख टाकायची, धूर करायची, काय?" मावशीने तोंडातलं पान थुंकलं.

"वाचला? कोन बोलला तुना वाचला?"

"म्हणजे?"

"आरं, तीन कोंबरे खाल्ले कोल्ह्यांनी तुजे आयशीचे. माजेच घरशी नेले तिनी. काळोखात यायची, पाटीखाली घालून नेयाची. मना बोलते, तांबराच दे, पोराला कलाला नको. त्याचा जीव त्या बांगंत गुतलाय."

मी म्हटलं, "आणि देवीला?"

"मी पन तेच बोलली. बाय, देवीला कलंल ना. तं माज्यावच वराडली. देवीला कोंबरा पायजे, मना माजा पोर पायजे. देवी काय तुरा बघाला येते?" आणि मावशी हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "तुना नाय सांगला तिनी? मंग मी कशाला सांगलं!"

आये, तेव्हा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. कोलशेतहून माजिवडं, अंधारात, कोल्हे फिरतात त्याच वाटेने, पाटी घेऊन, आणि मी जागा व्हायच्या आत परत. एकदा नाही, तीनदा. आणि मी आयुष्यभर लोकांना सांगत फिरलो की देवीने राखला. नियम तेवढा मोठ्या आवाजात सांगितलास. त्या नियमात तू स्वतः कशी राहिलीस, ते सांगायला तुला तोंड नव्हतं? तू शेवटी अंथरुणाला खिळली होतीस तेव्हा मी रोज उशाशी बसायचो. मिठागरातली भांडणं सांगितलीस, कुणाकडे कुठली गोधडी राहिलीय ते सांगितलंस. एवढं एक सांगायला काय झालं होतं? तू सांगितलं असतंस तर दोन कोंबडे आधीच आमच्या घरातलं हे सुतक संपलं असतं. मी मावशीला स्टेशनावर पोचवून आलो तेव्हाही मनात तुझ्याशी भांडतच होतो. आणि भांडता भांडता, भर रस्त्यात, मला ते मीठ लावलेलं अंडं आठवलं. मी खाईपर्यंत तू समोर बसून का राहिली होतीस, ते कळलं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. पोराने ओळखलं की नाही, ते बघत होतीस. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून रडलो, आणि मग त्याचाही तुझ्यावरच राग आला.

तिसरा कोंबडा गेल्या आठवड्यात गेला. मी उजाडायच्या आधी उठलो होतो, म्हणून पिसं मलाच दिसली. काय करायचं ते ठरवावं लागलंच नाही. पिसं गोळा केली, राखेच्या ढिगात दडपली, शेवग्याखालची माती पायाने सारखी केली. मावशीचं घर लांब पडतं, म्हणून आंबिवलीच्या वाटेला लागलो. तिथे एका ओळखीच्याकडे तांबडे कोंबडे असतात. मिठाची पाटी माझ्याकडे नाही, कोठीतलं गोणपाट होतं. कोंबडा त्यात गुंडाळून काखेत धरला आणि धावत सुटलो. काखेत तो इतका तडफडत होता की सदरा फाटला. अंगणात सोडला तेव्हा फटफटलं होतं. तो पंख झाडून इकडेतिकडे बघत राहिला, आरवेना. मी त्याच्यापुढे हात जोडले, खरंच जोडले. कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावलं नि आत जाऊन आडवा झालो. मग तो आरवला. पोर कुशीवर वळली.

सकाळी पोरीला ओट्यावर आणून बसवलं होतं. ही कोंबड्यांना कण्या टाकत होती. पोर त्या कोंबड्याकडे टक लावून बघत होती, आणि मला तेव्हाच कळलं की आता काय होणार. "आये," ती म्हणाली, "आपले कोंबऱ्याचं एक नख काळं व्हतं." तुझ्या सुनेचा कण्यांचा हात वरच्या वर थांबला. तिने कोंबड्याच्या पायाकडे पाहिलं. त्याच्या कपाळाकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही, माझ्या फाटलेल्या सदऱ्याकडे पाहिलं असावं. मग पोरीकडे वळून ठणकावून म्हणाली, "देवीचे कोंबऱ्याला नावं ठेवू नुको. जीब झरंल." आणि उरलेल्या कण्या त्याच्यापुढे एकदम ओतल्या. दुपारी तिने पोरीला अंडं उकडून दिलं. रात्री माझ्याबरोबर जेवायला बसली. सुकटीची चटणी आणि भाकरी, पोटभर. दोघंही बोललो नाही. बोलायचं नाही हे कुणी ठरवलं, मला माहीत नाही. तुला माहीत असेल. तूच तिला चुलीपाशी काय काय सांगितलंस, ते आता कोण सांगणार?

पोरीला परवापासून ताप नाही. आधीही असाच गेला होता, म्हणून मी तोंडातून काही काढत नाही. जत्रेला अजून अवकाश आहे. राग गेला म्हणशील तर नाही. हा असला कारभार करायला लावलास, रोज संध्याकाळी तो शहाणा शेवग्यावर चढताना बघून माझा जीव वरखाली होतो, आणि पहाटे आम्ही दोघंही जागे असतो, दोघंही झोपल्याचं सोंग घेतो, तो आरवेपर्यंत. आरवला की मग ती उठून चूल पेटवते, जशी काही आत्ताच जाग आली.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता हे पत्र नेणारही कुणी नाही, तेव्हा पाठवण्याचा प्रश्न नाही. पण घरातही ठेवता यायचं नाही. तुझ्या नातीला मी अंथरुणावर पडल्या पडल्या अक्षरं शिकवली, आता ती दिसेल ते लावून लावून वाचते. तिच्या हाती लागायच्या आत हे चुलीत गेलेलं बरं. घालण्यापूर्वी एक तुझ्या कानावर घालतो. आंबिवलीच्या माणसाला मी अजून एक तांबडा राखून ठेवायला सांगून आलोय, आणि या खेपेला म्हटलंय, एक नख काळं असलेला बघ.